स्पॅनिश पाटीचा राग आपल्याला का यावा?



अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या दुकानांत आता दोन भाषा दिसतात. होम डेपो किंवा लोजमध्ये खिळे-स्क्रूंच्या रांगेवर, सुपरमार्केटमध्ये तांदळाच्या पोत्यांवर, औषधांच्या दुकानात सेलच्या पाटीवर वर इंग्रजी आणि खाली स्पॅनिश. याबद्दल कुरकुर करणारे अमेरिकन काही नवे नाहीत. मात्र ही कुरकुर आपल्या मराठी बैठकींतही ऐकू येते आणि तीही चांगल्या शिकलेल्या, स्वतः स्थलांतरित असलेल्या माणसांच्या तोंडून. "फोन लावला की स्पॅनिशसाठी दोन दाबा, दुकानात गेलं की स्पॅनिश जाहिराती. आपण नाही का इंग्रजी शिकलो? मग यांनाच काय धाड भरली आहे?" असा एकूण सूर असतो.

माझ्या मते हा राग चुकीच्या जागी आहे. त्या पाट्यांबद्दल तक्रार करण्यासारखे पुष्कळ आहे, पण ती तक्रार वेगळी आहे आणि नेमकी तीच आपण करत नाही. हे जरा सविस्तर मांडावे म्हणून हा लेख.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०२० च्या जनगणनेनुसार या देशात सुमारे ६ कोटी २० लाख लोक हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहेत, म्हणजे साधारण दर पाच-सहा माणसांमागे एक. घरात स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींच्या वर आहे. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना इंग्रजी उत्तम येते, असे जनगणना खात्याचीच पाहणी सांगते. पुढच्या पिढ्यांचे चित्र तर आपल्याला फारच ओळखीचे वाटेल. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या अहवालानुसार तिसऱ्या आणि त्यापुढच्या पिढीतल्या सुमारे दोन तृतीयांश लॅटिनोंना स्पॅनिशमध्ये धड संभाषणही करता येत नाही. तेव्हा "हे लोक इंग्रजी शिकतच नाहीत" हे विधान आकडेवारीच्या कसोटीवर टिकत नाही. शिकतात, आणि शिकता शिकता आपली भाषा गमावतात. आपली मुले वेगळे काय करत आहेत?

मग दुकानदार स्पॅनिश पाट्या का लावतात? उत्तर साधे आहे: गिऱ्हाईक हवे म्हणून. पण गिऱ्हाइकाची प्रतिक्रिया दुकानदाराला वाटते तितकी सरळ नसते, आणि या विषयावर चांगले संशोधन झालेले आहे. १९९४ साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये कॉस्लो, शमदासानी आणि टचस्टोन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जाहिरातीत स्पॅनिश दिसली की हिस्पॅनिक ग्राहकाला वाटते, ही कंपनी आपल्या लोकांची कदर करते. आणि त्यामुळे जाहिरातीविषयी त्याचे मत चांगले होते. इथवर अपेक्षितच. पण जाहिरात जर संपूर्णपणे, फक्त स्पॅनिशमध्ये असेल तर ती तितकीशी आवडत नाही. जणू ग्राहक म्हणतो, "मला इंग्रजी येत नाही असं गृहीत धरलंत का?" त्यामागे आपल्या भाषेविषयीचा एक न्यूनगंड असावा, असे या संशोधकांनी सुचवले.

त्याच नियतकालिकात २००५ साली लूना आणि पेराकिओ यांनी आणखी बारीक प्रश्न विचारला. घोषवाक्यात दोन भाषांची सरमिसळ केली तर काय होते? स्पॅनिश वाक्यात मध्येच इंग्रजी शब्द आला तर द्विभाषिक वाचकाला जाहिरात अधिक पटते. इंग्रजी वाक्यात मध्येच स्पॅनिश शब्द आला तर कमी पटते. कारण मध्येच आलेला शब्द उठून दिसतो आणि त्या भाषेशी जोडलेल्या सगळ्या भावना जाग्या करतो. जिला समाजात खालची पायरी मिळाली आहे, तिच्याशी जोडलेल्या भावना सगळ्याच सुखाच्या नसतात, खुद्द ती बोलणाऱ्याच्या मनातही.

हे वाचताना मला मुंबईची आठवण होणे साहजिक होते. दादरला भाजी घेणारा मराठी माणूस समोरच्या विक्रेत्याशी आपण होऊन हिंदीत सुरू होतो आणि मॉलमध्ये शिरला की इंग्रजीत. कोणी जबरदस्ती केलेली नसते. कुठली भाषा कुठल्या काउंटरवर शोभते, याचा हिशेब त्याच्या डोक्यात आधीच झालेला असतो. लॉस एंजेलिसमधला मेक्सिकन बापही मुलासमोर कॅशियरशी अडखळत इंग्रजीतच बोलतो, ते याच हिशेबाने.

आता इंग्रजी बोलणाऱ्या ग्राहकाची प्रतिक्रिया पाहू. गंमत अशी की स्पॅनिश शब्दांचे अमेरिकन माणसाला मुळीच वावडे नाही. तो लॉस एंजेलिसमध्ये राहतो, कोलोरॅडोत बर्फावर खेळायला जातो, नेव्हाडात जुगार खेळतो. मे महिन्यात बिअरच्या खोक्यांवर 'सिंको दे मायो' आणि 'फिएस्टा' लिहिलेले असते, तेव्हा कोणी व्यवस्थापकाकडे तक्रार घेऊन जात नाही. १९९७ च्या सुमारास टाको बेलच्या जाहिरातीतला चिवावा कुत्रा चक्क स्पॅनिश वाक्य बोलत असे आणि ते वाक्य देशभर लहान मुलांच्या तोंडी होते. भाषाशास्त्रज्ञ जेन हिल यांनी या प्रकाराला 'मॉक स्पॅनिश' असे नाव दिले आहे: थट्टेपुरती, सजावटीपुरती स्पॅनिश.

राग येतो तो दुसऱ्या प्रकारच्या स्पॅनिशचा. 'प्लंबिंगचे सामान रांग क्रमांक १४' असे स्पॅनिशमध्ये लिहिले की कपाळाला आठ्या पडतात. वस्तुतः हे वाक्य निरुपद्रवी आहे. शिवाय वरच तेच इंग्रजीतही लिहिलेले आहे, म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याचे काहीही कमी झालेले नाही. फरक इतकाच की पहिली स्पॅनिश इंग्रजी वाचणाऱ्याच्या करमणुकीसाठी होती आणि दुसरी त्याच्यासाठी नाहीच. ती दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून आहे. त्या दुसऱ्या माणसाला दुकानाने गिऱ्हाईक मानले, त्याचा वेळ वाचावा अशी सोय केली. फोडणीपुरती स्पॅनिश चालते, भाकरी म्हणून चालत नाही. भाषेच्या नावाखाली चाललेला हा वाद खरे तर इथे कोण हक्काने वावरू शकतो याचा आहे.

या देशात हा वाद नवाही नाही. ९ मे १७५३ रोजी बेंजामिन फ्रँकलिनने लंडनमधल्या पीटर कॉलिन्सन या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन स्थलांतरितांबद्दल अशीच कुरकुर केलेली आहे. त्यांची मुले इंग्रजी शिकत नाहीत, प्रांतातल्या सहा छापखान्यांपैकी दोन पूर्ण जर्मन आणि दोन अर्धे जर्मन झाले आहेत, आणि रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत, काही ठिकाणी तर फक्त जर्मनमध्ये आहेत, असे त्याचे म्हणणे होते. थोड्याच वर्षांत विधिमंडळात दुभाषे लागतील अशीही भीती त्याला वाटत होती. याच फ्रँकलिनने १७३२ साली स्वतः एक जर्मन वृत्तपत्र काढून पाहिले होते. ते चालले नाही. गिऱ्हाईक म्हणून जर्मन हवे होते, शेजारी म्हणून त्यांच्या पाट्या मात्र खुपत होत्या. पुढे जुलै १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाल्याची बातमी सर्वांत आधी छापली ती फिलाडेल्फियाच्याच एका जर्मन वृत्तपत्राने, ५ जुलैला.

पहिल्या महायुद्धात या कुरकुरीचे कायद्यात रूपांतर झाले. मे १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी शाळेत, चर्चमध्ये, सार्वजनिक ठिकाणी, इतकेच काय टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरण्यास बंदी घातली. डॅनिश, डच, झेक बोलणारे सगळेच त्यात भरडले गेले. नेब्रास्काने लहान मुलांना परभाषा शिकवण्यावर बंदी घातली. ती १९२३ मध्ये 'मायर विरुद्ध नेब्रास्का' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोमोना शहराने परकीय लिपीतल्या पाट्यांवर निम्मी जागा इंग्रजीला द्यावी असा नियम केला. आशियाई दुकानदार न्यायालयात गेले आणि १९८९ मध्ये फेडरल न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. पाटीची भाषा हा दुकानदाराच्या अभिव्यक्तीचा भाग आहे, हे तत्त्व त्या निकालात मान्य झाले. उद्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर कोणी देवनागरीत पाटी लावली तर तिला संरक्षण मिळेल ते याच तत्त्वाचे.

आणि फिरून फिलाडेल्फिया. तिथल्या जीनोज स्टेक्स या सँडविचच्या प्रसिद्ध दुकानाने 'ही अमेरिका आहे, ऑर्डर इंग्रजीतच द्या' अशा आशयाची पाटी लावल्यावर २००६ मध्ये देशभर गदारोळ झाला. शहराच्या मानवी संबंध आयोगाने २००८ मध्ये ती पाटी भेदभाव करणारी नाही असा निर्णय दिला. २०१६ मध्ये दुकानाने ती काढून टाकली. मालकाचे आजीआजोबा इटलीहून आलेले होते. फ्रँकलिनच्या वेळी जर्मन, मग इटालियन, मग मेक्सिकन. माणसे बदलत गेली, वाक्य तेच राहिले. ज्याच्यावर ते वाक्य काल उगारले गेले, त्याचा नातू आज ते दुसऱ्यावर उगारतो. हा वारसा आपण मराठी माणसांनी का म्हणून चालवायचा?

"पण आपण शिकलो ना इंग्रजी" या मुद्द्याला सरळ उत्तर दिले पाहिजे, कारण तो प्रामाणिकपणे मांडला जातो. आपण शिकलो हे खरे. पण इथे येऊन शिकलो नाही. इंग्रजी आपल्याबरोबर विमानातून आली. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनीही पाचवीपासून ती वाचली, कॉलेजात तिच्यातूनच भौतिकशास्त्र आणि गणित शिकले, जीआरई आणि टोफेल देऊन मगच व्हिसाच्या रांगेत उभे राहिले. इंग्रजी न येणाऱ्या मराठी माणसाला या देशाने मुळी आतच घेतले नाही, म्हणून तो आपल्या बैठकीत दिसत नाही. ज्या नमुन्यातून एक प्रकारची माणसे आधीच गाळली गेली आहेत, त्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढू नये, हे आपल्यातल्या प्रत्येक शास्त्रज्ञाला आणि इंजिनिअरला ठाऊक असते. दोन पाळ्यांत छपरे घालणारा होंडुरासचा मजूर आणि एच-वन व्हिसावर आलेला प्रोग्रामर यांची भाषेच्या बाबतीत तुलना करणे हा तसाच निष्कर्ष आहे.

आणि गाळण्यातून सुटलेला आपला एक वर्ग तर आहेच: आपले आई-वडील. सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे येणारी सत्तरीची आजी दुकानात काय वाचते? ती डब्यावरचे चित्र बघते आणि सुनेची वाट बघते. एखाद्या पाटीवर मराठीत 'ताक' लिहिलेले दिसले तर तिच्या चेहऱ्यावर काय उमटेल, याची कल्पना करा. स्पॅनिश पाटीखाली उभ्या असलेल्या आजीच्या चेहऱ्यावर तेच उमटते.

आता मुंबईचा मुद्दा. आपल्यापैकी अनेकजण महाराष्ट्रातल्या मराठी पाट्यांच्या मागणीचे समर्थक आहेत. मीही आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून लहान दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची केली आणि मराठी अक्षरे इतर अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे ठरवले. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. आपल्याला बरे वाटले. मग अमेरिकेतल्या स्पॅनिश पाटीने वाईट का वाटावे? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असा हा न्याय झाला.

यावर उत्तर मिळते की मराठी त्या भूमीची भाषा आहे, स्पॅनिश इथली नाही. इतिहास जरा निराळा आहे. इंग्रजांनी जेम्सटाउन वसवले १६०७ मध्ये. स्पॅनिशांचे फ्लोरिडातले सेंट ऑगस्टीन त्याआधीचे, १५६५ चे. कॅलिफोर्निया, नेव्हाडा, युटा, आणि ॲरिझोना व न्यू मेक्सिकोचा बराचसा भाग १८४८ पर्यंत मेक्सिकोचा होता. त्या वर्षीच्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने तो अमेरिकेकडे आला. १८४९ च्या कॅलिफोर्नियाच्या पहिल्या राज्यघटनेत सर्व कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत असे स्पष्ट कलम होते. १८७९ च्या नव्या घटनेत ते काढून टाकले गेले. म्हणजे भूमीच्या भाषेचा निकष लावायचा तर देशाच्या निम्म्या नैर्ऋत्य भागात स्पॅनिशचा दावा इंग्रजीपेक्षा जुना आहे. अर्थात त्या दोघींच्याही आधी तिथे मूळ रहिवाशांच्या भाषा होत्या, आणि त्यांच्या पाट्या मात्र क्वचितच दिसतात.

दुसरे उत्तर मिळते की इंग्रजी आता अधिकृत भाषा आहे. १ मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने इंग्रजीला तसा दर्जा दिला आणि क्लिंटन यांच्या काळातला, इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजेल अशा भाषेत देण्याविषयीचा २००० सालचा आदेश मागे घेतला. पण हा आदेश सरकारी खात्यांविषयी आहे. दुकानाच्या मालकाने टोमॅटोचा भाव कुठल्या भाषेत लिहावा, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्या. मुंबईत पाटीसाठी कायद्याची सक्ती लागते. इथे स्पॅनिश पाटी दुकानदाराने स्वखुशीने लावलेली आहे. स्वखुशीने लावलेल्या पाटीचा राग आणि सक्तीने लावलेल्या पाटीचा आनंद, हे दोन्ही एकाच माणसाच्या मनात नांदत असतील तर त्याने आपले तत्त्व एकदा तपासून पाहावे. तत्त्व असे असू शकते की गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे. ते दादरलाही लागू पडते आणि पूर्व लॉस एंजेलिसलाही. त्याच तत्त्वाने २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलला नाही म्हणून दुकानदाराला मारहाण झाली तीही चुकीची ठरते, कारण भाषेच्या नावाने माणसाला अपमानित करणे हा त्या तत्त्वाचा भाग नाही.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी कंपन्यांची तळी उचलतो आहे. तसे नाही. माझी खरी तक्रार कंपन्यांविरुद्धच आहे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, तशी दुकानांची स्पॅनिश असते. दारापासून कॅश काउंटरपर्यंत ती ठळक अक्षरांत आपल्याबरोबर चालते: स्वागत, सेल, आजच घेऊन जा, हप्त्याने पैसे भरा. पैसे दिले की ती अनेकदा गायब होते. व्याजाचा दर, उशिराचा दंड, वॉरंटीच्या अटी, तक्रारीचा मार्ग, हे सगळे बारीक इंग्रजीत. खर्च करताना माणूस स्पॅनिश, आणि हक्क मागताना मात्र त्याने इंग्रज व्हायचे.

कायद्याने ही फट काही ठिकाणी बुजवली आहे. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेच्या १६३२ व्या कलमानुसार व्यापाऱ्याने बोलणी मुख्यतः स्पॅनिशमध्ये केली असतील तर कर्ज, भाडे यांसारख्या ठरावीक करारांचा मसुदा सहीपूर्वी त्याच भाषेत द्यावा लागतो. १९७० च्या दशकात हे कलम फक्त स्पॅनिशसाठी होते; नंतर त्यात चिनी, टागालोग, व्हिएतनामी आणि कोरियन आल्या. फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार जुन्या मोटारींच्या डीलरने सौदा स्पॅनिशमध्ये केला तर मोटारीच्या काचेवरचा माहितीतक्ताही स्पॅनिशमध्ये द्यावा लागतो. तत्त्व स्वच्छ आहे: ज्या भाषेत विकलेत, त्याच भाषेत बांधले जा. हे तत्त्व प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक कराराला लागू व्हावे, अशी मागणी आपण का करू नये?

औषधांच्या बाबतीत तर हा जिवाशी खेळ आहे. २०१० मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात ब्राँक्समधल्या औषधांच्या दुकानांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणकाने भाषांतरित केलेली बाटल्यांवरची स्पॅनिश लेबले तपासली तेव्हा निम्म्यांमध्ये दोष सापडले. कुठे अर्धे वाक्य इंग्रजीतच राहिले होते, कुठे शब्द चुकले होते. यातला सर्वांत भयंकर धोका एका चार अक्षरी इंग्रजी शब्दाचा आहे. दिवसातून एकदा घ्या, यातला 'एकदा' या अर्थाचा इंग्रजी शब्द 'वन्स' भाषांतर न करता तसाच ठेवला, तर तीच चार अक्षरे स्पॅनिश वाचणारा 'ओन्से' अशी वाचतो, आणि स्पॅनिशमध्ये ओन्से म्हणजे अकरा. रक्तदाबाची गोळी दिवसातून एकदा आणि दिवसातून अकरा वेळा यांत काय अंतर आहे, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

सेलच्या पाटीत अशी चूक सहसा होत नाही, कारण तिच्यासाठी जाहिरात संस्था असते, तिचे वाचन होते, नमुना ग्राहकांपुढे चाचणी होते. औषधाच्या लेबलासाठी मात्र संगणकाचे एक बटण पुरेसे मानले गेले. आजची भाषांतर यंत्रे २०१० पेक्षा पुष्कळ सुधारली आहेत, पण त्यांचे काम माणसाने तपासायचे की नाही, हा प्रश्न यंत्राचा नसून खर्चाचा आहे. कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्याने, रुग्णाने मागितल्यास औषध घेण्याच्या सूचना स्पॅनिश, चिनी, कोरियन, रशियन आणि व्हिएतनामीत देणे बंधनकारक झाले. या यादीत आपली एकही भाषा नाही. पण अशा याद्या लांबतात त्या आधी कोणीतरी दार उघडलेले असते म्हणून. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी तरतूद झाली, ती मुख्यतः स्पॅनिश भाषकांच्या लढ्यातून. त्याच तरतुदीमुळे पुढे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीत आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीत मतदानाचे साहित्य आले. आपल्यासाठी भांडलेल्या माणसांच्या पाट्यांवर आपण नाक मुरडतो आहोत, हे ध्यानात असू द्या.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक भागातल्या होम डेपोच्या आवारात इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी धाड घातली आणि कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या मजुरांना पकडले. त्यानंतरच्या खटल्यात ११ जुलैला तिथल्या फेडरल न्यायालयाने आदेश दिला की केवळ चार गोष्टींवरून कोणाला अडवता येणार नाही: वंश, स्पॅनिश बोलणे किंवा वेगळ्या उच्चाराचे इंग्रजी बोलणे, विशिष्ट ठिकाणी असणे, आणि कामाचा प्रकार. ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला अंतरिम स्थगिती दिली. तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले.

त्या यादीतली दुसरी गोष्ट पुन्हा वाचा. स्पॅनिश बोलणे, किंवा वेगळ्या उच्चाराचे इंग्रजी बोलणे. आपले इंग्रजी कितीही शुद्ध असो, 'व' आणि 'ट' तोंडातून बाहेर पडले की आपण कोण ते समोरच्याला कळते. दुकानातल्या ज्या पाटीवर नाराज होऊन आपण स्वतःला 'इंग्रजी शिकलेल्यां'च्या बाजूला उभे करतो, ती बाजू आपल्याला आपले मानतेच असे नाही. २०१४ च्या सुपर बोलमध्ये कोकाकोलाने 'अमेरिका द ब्यूटिफुल' हे गीत अनेक भाषांत गाऊन घेतले, तेव्हा उठलेल्या संतापात स्पॅनिश वेगळी आणि हिंदी वेगळी असा भेद कोणी केला नव्हता. त्या जाहिरातीत हिंदीही होती.

मग करायचे काय? आपल्यापैकी कित्येकजण याच दुकानांच्या मुख्यालयांत, औषध कंपन्यांत, विमा कंपन्यांत, बँकांत चांगल्या पदांवर आहेत. ज्या बैठकींत स्पॅनिश जाहिरातीचा खर्च मंजूर होतो, तिथे आपण बसलेले असतो. तिथे एक प्रश्न विचारावा: जाहिरात स्पॅनिशमध्ये असेल तर करार, परताव्याचे नियम आणि तक्रारीचा फोनही स्पॅनिशमध्ये आहे का? औषधाच्या कंपनीत असाल तर विचारावे: भाषांतर कोणी तपासले, आणि तपासणाऱ्याची ती मातृभाषा आहे का? आई-वडिलांसाठी औषध आणताना सूचना त्यांना समजतील अशा रीतीने लिहून द्यायला फार्मसिस्टला सांगावे, आणि रांगेतला स्पॅनिश भाषक तसेच सांगत असेल तर घड्याळाकडे बघू नये. आणि पुढच्या शनिवारच्या जेवणात कोणी "आपण नाही का शिकलो" म्हणाले, तर शांतपणे विचारावे की आपण नेमके कधी, कुठे आणि कोणाच्या पैशाने शिकलो. उत्तर आपल्याच देशातल्या सरकारी अनुदानाच्या शाळेपाशी जाऊन पोचते.

स्पॅनिश पाटी आपल्याकडून काहीही काढून घेत नाही. वरची इंग्रजी ओळ जशीच्या तशी आहे. ती वाचा आणि आपले सामान घ्या. खालची ओळ दुसऱ्या कोणासाठी आहे. ती ओळ बिलाच्या मागे, कराराच्या तळाशी आणि औषधाच्या बाटलीवरही तितक्याच ठळकपणे आली पाहिजे. रागवायचेच असेल तर ती तिथे नाही, याबद्दल रागवावे.